पाणी उतरलं की

वहीच्या मागच्या पानावर लिहिलं:
रविवार. पहाटे साडेपाच. शहापूर, आमच्या बोळाच्या तोंडाशी.
गाडी इराण्णाची. माणसं सहा,
अनसूमावशीची पिशवी धरली तर सात.

आधी दक्षिणेला. खानापूर ओलांडून वडिलांचं गाव,
जिथं आता आमचं काहीच नाही.
आडनाव आहे, तेही गावानंच दिलेलं
आणि गाव सोडलेल्यांनाच लागतं ते.
मागं राहिलेले नुसते पाटील, नाहीतर गुरव.

तिथून हलशी. वराहाच्या देवळाला कुलूप असलं
तर पुजाऱ्याचं घर शोधायचं.
पाट्या कन्नडमध्ये, त्या ऋजुता वाचेल,
सातवीत आहे, तिला दोन्ही येतं.
मला गावं कानानंच ओळखता येतात.

दुपारी मागं फिरून वर.
यमकनमर्डीला जेवण, मग हिडकल,
मग गोकाकचा धबधबा, झुलता पूल, करदंट,
आणि अंधाराच्या आत घर.
कागदावर सगळं जमत होतं.

"मे महिन्यात धबधब्याला पाणी कुठलं?"
नारू दारातनंच म्हणाला.
"नुस्ता काळा खडक. पोरं शिव्या घालतील मला.
जुलैत जाऊया की."

मे खोडलं. जुलै लिहिलं.
मावशी शेंगा फोडत बसली होती.
टरफलाचा आवाज मध्येच थांबला,
मग परत सुरू झाला, जरा हळू.

तिचं गाव मी फोनवर शोधलं होतं आदल्या रात्री.
तळवडगी.
नकाशानं बरंच फिरवलं,
आणि खूण आणून टेकवली निळ्यावर,
धरणाच्या मधोमध,
जिथं रस्ता नाही, दुकान नाही,
"किती वेळ लागेल" विचारलं तर उत्तर नाही.

पाऊस लागला की ते निळं चढत जातं,
आणि खाली गोकाकला नदी कड्यावरनं उडी टाकते,
लोक रेनकोट घालून फोटो काढतात.
उन्हाळ्यात कडा कोरडा,
आणि इकडं पाणी उतरतं, उतरतं,
शिवाराचे बांध दिसायला लागतात,
कुणाकुणाच्या भिंतींचे पाये,
एखाद्या देवळाच्या पायऱ्या.
नदी एकच, घटप्रभा.
दोन्ही एका दिवसात दाखवत नाही.

"आमचा आड चैत्रातच आटायचा," मावशी म्हणाली,
शेंगांकडं बघूनच.
"घागर घेऊन नदीला जायचो, पाऊण कोस.
शेवटी नदीच आली घराकडं."
नारूला हसावं की नाही कळेना.
तो चहाला गेला.

इराण्णाला फोन लावला.
चिखलात चालता येतंय का, वयस्कर माणूस आहे.
"अक्का, मेमध्ये वाळलेला असतोय तो,
बिस्किटासारखा, वरनं तडकलेला.
काठापर्यंत गाडी जाते, पुढं चालायचं.
दरवर्षी दोन-तीन भाडी असतात की तिकडची."
मग जरा थांबून,
"जाताना लई बोलतात. येताना टेप लावू का विचारलं
तर नको म्हणतात."

जुलै खोडलं नाही. बाजूला पेन्सिलीनं लिहिलं:
पोरं, गोकाक, रेनकोट.
मे महिन्यापुढं शाईनं: दुसरा रविवार.
हलशी राहू दे, वडिलांचं गाव राहू दे,
ती कुठं जात नाहीत.
आधी हिडकल. ऊन चढायच्या आत.

खाली सामान. छत्री एक, टोप्या,
दशम्या, शेंगाचटणी, कुंदा (वाटेत खायचा नाही),
मावशीच्या गोळ्या,
पाण्याच्या बाटल्या आठ.

मावशीनं वाचून घेतलं सगळं.
"बाटल्या आठ?" म्हणाली. "बरं.
खुरपं लिही."

खुरपं कशाला?

"उंबरा किती खाली गेलाय
ते बघायला नको?"