बारा मिलिमीटर

कलिना गावठाणात, चर्चच्या मागच्या गल्लीत
तळमजला कॉफीवाल्याला भाड्याने गेलाय.
अर्पित नाव पोराचं. मोबाइल पुढे धरला:
मिस्त्री, अशी विटांची भिंत पाहिजे.
जुनी वाटली पाहिजे.
भिंत अडुसष्ट सालची आहे
हे मी त्याला सांगितलं नाही. माझ्या रोजीचा प्रश्न.

आधी रुपयाने ठोकत गेलो.
टण म्हणजे धरलंय, ठब म्हणजे सुटलंय.
जिथे ठब, तिथे खडूचा गोल.
सँडफेस प्लास्टर, त्यावर रंगांचे थर,
पिस्ता, बदामी, कुणाच्या तरी लग्नात काढलेला गुलाबी.
बाळाराम टाचे मारत सुटला,
गुळगुळीतावर माल धरत नाही म्हणून.

खिडकीखालचा गोल आपोआपच हातात आला.
आत वीट.
लोणा लागलेली, कोपरा खाल्लेला,
भाजताना आगीपासून लांब राहिलेली.
अशा आम्ही भिवंडीच्या भट्टीवर बाजूला काढायचो.
आई थापायची, मी ओल्या विटा उभ्या करायचो,
आणि मुकादम म्हणायचा, राहू दे रे,
प्लास्टरखाली जातील.
बोट फिरवलं. लाल झालं.
मग केमिकल कालवलं आणि खड्डा बुजवला.

नव्या विटा खोक्यातून निघतात,
मध्ये कागद घालून, बशांसारख्या.
बारा मिलिमीटर.
पहिल्या दिवशी दर विटेला
माझा हात कपाळापर्यंत उगाच वर जायचा,
तीन किलो उचलायच्या तयारीने.

कोपऱ्याचा तुकडा वेगळा येतो, काटकोनी, महाग.
तो बसला की वाटतं
वीट अख्खी आहे, वळून पलीकडे गेलीय.
लबाडी कोपऱ्यात सांभाळायची,
मध्ये कोण बघतंय.

तिसऱ्या दिवशी अर्पित म्हणाला, फार सरळ झालंय.
जरा वाकडंतिकडं लाव ना.
बावीस वर्षं ओळंबा धरलेला हात.
दोरी सोडून दिली, पाणसळ पिशवीत टाकली,
तरी सुतातच येत राहिला दुपारभर.
शेवटी बाळारामला सांगितलं.
त्याला सुरेख जमलं.

सांधे भरले, पुसले, परांची सोडली.
कागद चिकटवायच्या आधीच दोन पोरी
भिंतीला टेकून फोटो काढून गेल्या.

मग मागच्या खोलीतल्या ऑलिंडा बाई आल्या.
त्यांच्या वळणीचा हूक आमच्या कामात गेलेला.
मिस्त्री, तेवढा मारून दे, कपडे कुठे घालू?
अर्पित नव्हता. मी ड्रिल लावलं.
आधी लाल पूड आली, कोरडी, उडून गेली.
मग राखाडी.
मग पुन्हा लाल.
ही दमट होती, तळहाताला चिकटून बसली.
हूक पिळला, ओढून बघितला.
बाईंनी तिथेच ओला टॉवेल टाकला
आणि म्हणाल्या, हा आता धरला.