पाच दिवस इकडे-तिकडे

ग्रिम्सबीच्या इस्पितळातल्या माझ्या खोलीला खिडकी नाही.
जेलची बाटली मी आधी काखेत धरून कोमट करते,
मग विचारते, शेवटची पाळी कधी आली होती?
केरी म्हणते, दोन ऑगस्ट. नक्की.
त्या दिवशी मासळीच्या कारखान्यात वीज गेली होती
आणि हॅडॉकच्या गार लाद्यांपुढे
एका हातात टॉर्च, एका हाताने ओटीपोट दाबत
ती तासभर उभी होती.

हिशेब तिथूनच धरायचा.
पहिले दोन आठवडे बाळ नसतंच मुळी,
तरी त्याच्या खात्यावर जमा.
तोंडाने मी इंग्रजीत आठवडे सांगते,
मनात म्हणते, हिला दिवस गेलेत.
काय भाषा आपली!
राहिले म्हटलं तरी तेच, गेले म्हटलं तरी तेच,
आणि शेवटी भरतात.

पडद्यावर राखाडी भुरभुर, तिच्यात कुणीतरी पाय झाडतंय.
टाळूपासून बुडापर्यंत एक रेघ ओढायची, पाय धरायचे नाहीत.
त्याने हनुवटी छातीला टेकवली. बाद. पुन्हा.
तीन मापं घेतली: अठ्ठावन्न मिलिमीटर,
माझ्या अंगठ्याएवढं.
तक्ता म्हणतो बारा आठवडे, दोन दिवस.
तिच्या हिशेबाहून दहा दिवस लहान.

"तारीख पुढे जाईल," मी म्हणते, "नऊ मे नाही, एकोणीस."
केरी गप्प.
तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकू लागतो,
आमच्याकडे जपाला बसलेल्या बाईचा सरकतो तसा.
मग छताकडे बघत म्हणते,
"क्रेग वीस ऑगस्टला बोटीवर गेला. समुद्रातल्या पवनचक्क्यांवर.
दोन आठवडे."

यंत्राचा पंखा तेवढा घरघरतो.
मी काही विचारत नाही. लांबी मोजणं माझं काम.
सांगते ते, जे प्रत्येकीलाच सांगते,
फक्त या वेळी जरा सावकाश:
हे माप पाच दिवस इकडे, पाच दिवस तिकडे होऊ शकतं.
स्त्रीबीज कधी उशिरा सुटतं,
पुरुषाचं कधी चार-पाच दिवस वाट बघत राहतं.
शरीराला कॅलेंडर वाचता येत नाही.
यात एक अक्षर खोटं नव्हतं.
तरी वाटलं, उघड्या पोटावर मी शाल टाकतेय.

बत्तिसाव्या आठवड्यात मॉरीनने पोटावर टेप लावली.
ती टेप नेहमी उलटी धरते, आकडे कातडीकडे.
"नाहीतर डोळा आधीच ठरवून मोकळा होतो गं."
उलटून पाहिली तर एकोणतीस.
आलेखावरचा ठिपका रेघेखाली उतरला
आणि ती दोघं माझ्याकडे आली.

डोक्याचा घेर. पोटाचा घेर. मांडीचं हाड, खडूच्या तुकड्यासारखं.
सोळाशे चाळीस ग्रॅम, दीड-दोनशे कमी किंवा जास्त.
क्रेग अजून कामाच्या पिवळ्या जाकिटात.
"तारीखच चुकली असेल," तो म्हणाला. "मागे घेता येते का?"
केरीने डोळे मिटले होते.
"नाही," मी म्हटलं. "पहिल्या मापाने ठरली ती ठरली.
आता लहान वाटलं तर तारखेला बोल लावायचा नाही,
बाळाकडे बघायचं. दर दोन आठवड्यांनी या."
तो म्हणाला, "येऊ की."
मग पडद्याजवळ वाकून,
"हे नाक का?"
तो गुडघा होता.

बारा मेला झालं.
ना तिच्या तारखेला, ना माझ्या.
मॉरीनने चहात दूध ओतता ओतता सांगितलं.
कुणासारखं आहे, मी विचारलं नाही. वजन विचारलं.
दोन किलो सहाशे.
माझा शेवटचा अंदाज नव्वद ग्रॅमने चुकला.
गेले ते दिवस कोणते, ते त्यांचं त्यांना.
भरले, एवढं मात्र खरं.