पावती क्रमांक ४१७

ब्र्नोच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात
कोट वजनावर मिळतात.
माझा एक किलो नऊशे ग्रॅम भरला,
करडा, लोकरीचा, एका बटणाचा दोरा निराळा,
बाह्या थेट बोटांवर.
वाढत्या अंगाचा घेतलाय, मी म्हणाले, तेविसाव्या वर्षी,
आणि हा विनोद मार्केताला इंग्रजीत समजावता समजावता
सगळा सांडला.

सांडपाणी हा माझा विषय.
शहरं मी ओळखते ती
नदीत काय सोडतात त्यावरून.

डिसेंबरात अस्तर उसवलं.
आत पावती: चांभाराची, त्रिएस्तेमधली,
क्रमांक ४१७, अकरा वर्षांपूर्वीची.
मार्केता म्हणाली, फेकून दे.
माझ्याकडे चार दिवसांची सुट्टी होती
आणि रात्रीच्या बसचे पैसे.

व्हिएन्नाला पहाटे तीन वाजता
शौचालयाला पन्नास सेंट.
फरशी पुसणाऱ्या ड्रागानानं
(नाव छातीवरच्या पट्टीवर)
माझ्या बाह्यांकडे पाहिलं
आणि ढोपरानं दार धरून ठेवलं.

ग्राझमध्ये इल्कनुरच्या फरशीवर झोपले.
तिची परीक्षा सकाळी आठला.
तिनं अंधारातच केस बांधले, दाराशी अडखळली,
तुर्कीत शिवी दिली बहुतेक,
मग माझ्या अंगावर तिचं पांघरूण.

ल्युब्लियानात बस चुकली.
पुलावर एका म्हाताऱ्यानं, कुत्र्यासकट,
मला रस्ता विचारला.
मला!
मी हात लांब करून डावीकडे दाखवलं.
तो आभार मानून निघालाही.
डावीकडे काय आहे ते मला अजून माहीत नाही,
पण त्या दिवशी मी ताठ चालले,
त्या गावची असल्यासारखी.

त्रिएस्तेत वारा.
वारा म्हणजे कुणीतरी खांद्याला धरून
"चल, नीघ" म्हणावं तसा.
नदी शोधली, तर ती रस्त्याखाली गाडलेली;
इथं मला शहर ओळखता येईना.

जिन्याखाली दुकान.
ओताव्यो नावाचा माणूस, चष्मा कपाळावर.
त्यानं पावती उजेडात धरली,
नवल केलं नाही.
शिडी लावली, वर गेला,
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले बूट घेऊन उतरला.
तपकिरी, पुरुषाचे, नवे तळवे,
एक पाऊलही न चाललेले.
केव्हाचे तयार आहेत, म्हणाला,
जणू उशीर मलाच झाला होता.

अठरा युरो. माझ्याकडे चौदा.
मग त्यानं कोट पाहिला.
मला नाही, कोटाला;
ते निराळं बटण दोन बोटांत धरलं
आणि विचारलं, कसा आहे तो?

मला इटालियनचे सहा शब्द येत होते.
वजनावर घेतला, हे त्यांत बसत नव्हतं.
मी म्हणाले, बरा.

त्यानं मान हलवली.
बूट पुन्हा कागदात, कागदाची घडी जुन्याच रेघेवर.
मग त्यालाच येऊ दे, म्हणाला,
आणि पावती माझ्या खिशात परत.

मी निघणार, तोच त्यानं माझ्या पायांकडे बोट केलं.
उजव्या बुटाचा तळवा जबडा वासून,
ब्र्नोपासूनचा चिखल आत.
मी मोजे घालून वर्तमानपत्रावर बसले,
खोट्याचा घास घशात अडकलेला.
गोंदाचा वास. हातोडीचे चार ठोके.
पैसे पुढे केले, त्यानं घेतले नाहीत.
मी उगाच विचारलं, हातानंच कागद फाडल्यासारखं करून:
पावती?

समजलं ते एवढं:
पावती कशाला.
तू इथंच आहेस ना.

बाहेर वाऱ्यानं पुन्हा खांदा धरला.
बसला दोन तास होते.
मी समुद्राकडे चालत गेले,
पाय पूर्ण टेकवत,
गोंद धरतो का ते बघत.