डावा पीळ

महात्मानगर, कुलथ्यांचा बंगला, माघातला रविवार.
दारावर दसऱ्याचं वाळलेलं तोरण,
भिंतींना दिवाळीतला रंग, लोण्यासारखा.
"फोडाफोडी नको हं," काका आधीच म्हणाले,
"नुसतं बघा. मिक्सर लावला की
हॉलमधला दिवा जरा मान टाकतो, एवढंच."

एवढंच.
फ्यूज महिन्यातून दोनदा जातो, एवढंच.
बाथरूमच्या नळाला हात लावला की मुंग्या येतात,
म्हणून आम्ही स्लिपर घालूनच अंघोळ करतो,
एवढंच.

मी बोर्डावर हात ठेवतो, पालथा.
पालथाच ठेवायचा. तळव्याला करंट लागला तर मूठ मिटते
आणि मिटलेली मूठ सुटत नाही.
बोर्ड कोमट.
किटकॅट ओढून बघतो: केसाएवढी तार हवी तिथं
कुणी खिळ्याएवढी भरलेली.
म्हणजे राखणदारालाच अफू दिली.

वास मात्र मला येत नाही.
त्या तापात नाक गेलं, ते गेलंच.
म्हणून सुटीच्या दिवशी अलका येते सोबत.
सहा दिवस ती पिंपळगावच्या पॅकहाऊसात
द्राक्षाच्या पेट्यांवर गंधकाचे कागद अंथरते;
कुठल्या पेटीत कागद ओलावलाय, न उघडता सांगते.

ती खोल्याखोल्यांतून उभी राहून आली.
देवघर. पाहुण्यांची खोली. जिन्याखालचा कोनाडा,
तिथं वर्तमानपत्रांची चळत, छातीएवढी.
थांबली.
"बोंबील," म्हणाली.
काकू दचकल्या. "अहो, आमच्यात अंडंसुद्धा येत नाही!"
"तेच तर," मी म्हणालो, आणि छिन्नी काढली.

काका खुर्चीवर बसून
प्रत्येक घावाला डोळे मिटत होते.
लोण्याचा रंग पडला, त्याखालचा पोपटी, त्याखालचा चुना,
मग पाइप, मग तार.
वेष्टण असं, की चिमटीत धरलं
तर भाकरीच्या पापुद्र्यासारखं सुटून यावं.
आणि एक जोड.

वायरमन लोक पीळ देतात उजवीकडे.
हा डावीकडे होता.
अडीच वेढे, टोक आत दुमडलेलं,
वर टेप नाही. जखमेवरची चिकटपट्टी,
जळून काळी.

तेव्हा बंगला कुणा बर्व्यांचा होता, बैठा,
समोर पेरूची बाग. वरचा मजला चढत होता.
मी सतरा वर्षांचा, बागूल मिस्तरींच्या हाताखाली,
डावरा म्हणून रोज शिव्या खाणारा.
शनिवार. टेप संपलेली,
दुकान रविवार कारंजाला, सायकल पंक्चर,
आणि साडेसहाला गोल्फ क्लबवर कबड्डीची फायनल.
अंगठा कापला होता, म्हणून पट्टी खिशात होती.
"उघडून बघणारे कोण," असं मी म्हणालो होतो,
बहुतेक मोठ्यानं.

तेहतीस वर्षं.
घर विकलं गेलं, पेरू तुटले, रस्ता आला,
आणि ती पट्टी भिंतीत बसून राहिली,
तापत, निवत, तापत.

"फारच वाईट काम होतं का हो कुणाचं?" काकांनी विचारलं.
"घाईतलं," म्हणालो.

मग सांगितलं ते सगळं घर नव्यानं ओढायला.
तांब्याची तार, मागच्या आवारात अर्थिंगचा खड्डा,
मीठ, कोळसा, उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली पाणी,
झाडाला घालता तसं, विसरायचं नाही.
काकांनी भिंतीकडे पाहिलं, मग चळतीकडे,
आणि "बरं" म्हणाले.
खर्चाच्या कागदावर
जिन्याखालची मजुरी मी लिहिली नाही.
त्यांनी विचारलं नाही.

जोड कापून खिशात टाकला.
पपया नर्सरीच्या सिग्नलला गाडी थांबली
तेव्हा अलकानं मागून खांद्याशी नाक आणलं.
"अजून येतोय," म्हणाली. "कुठून येतोय?"

हिरवा लागला.
मी गिअर टाकला.