एक बोट, नऊ दिवस

एवारिस्तोचं पाकीट आलं : प्रकरण तीन ते सात.
सोबत चिठ्ठी. "नकाशा मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला.
दोनच रंग. जास्तीचे पैसे नाहीत."

मी इस्मेनिया कुसानोविच.
पुन्ता अरेनासच्या जमीनमोजणी कचेरीत एकतीस वर्षं
दुसऱ्यांच्या कुंपणांच्या रेघा ओढल्या.
कादंबऱ्या वाचत नाही. नद्या वाचते.

तर त्याचा नायक, फिदेन्सियो,
लोकरीच्या वखारीतला कारकून.
गळ्याला खळ दिलेली कॉलर, खिशात वही,
वहीत एका मेंढपाळाकडून येणं : चारशे बारा पेसो.
वसुलीला निघतो, उसन्या घोड्यावर,
आणि एकशे सहाव्या पानावर
बहिरी नदी ओलांडतो. एका वाक्यात.
"दुपारपर्यंत तो पैलतीरावर होता."

पेन्सिल खाली ठेवली.
ऑक्टोबरात?
ऑक्टोबरात आमच्याकडे डोंगरावरचं बर्फ सुटतं,
नदी वारं प्यायलेल्या वासरासारखी येते,
कुणाचं ऐकत नाही, नाव उगीच नाही पडलं.
घोडा छातीपर्यंत जातो, मग घोडा दिसत नाही.
जीन सापडतं, पाच मैल खाली.

तसं कळवलं.
उत्तर आलं : "मग नदी जरा उत्तरेला सरकवा.
पेन्सिल तुमच्याच हातात आहे, बाई."

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
मी विचारलंय. चालत गेलेय तिथवर,
लेंगाच्या रानातून, गुडघाभर चिखलात,
खांद्यावर तिपाई, बरोबर एक सर्दीने बेजार शिपाई.
लिहिलं : नदी सरकत नसते.
माणूस सरकवा.

तीन आठवडे काही नाही.
मग नवं प्रकरण चार.

फिदेन्सियो अलीकडेच अडकलाय.
पत्र्याची खोपट, आत नाव न सांगणारा म्हातारा,
एक कुत्री, माते पिण्याचा एकच भोपळा.
पहिल्या दिवशी तो वही काढून बेरीज तपासतो.
दुसऱ्या दिवशीही तीच बेरीज.
तिसऱ्या दिवशी कॉलर काढतो, वाऱ्यात ती गळ्याला चावते.
चौथ्या दिवशी म्हातारा काठावरचा एक दगड दाखवतो :
ह्याची पाठ कोरडी झाली की जा.
पाचव्या दिवशी तरी पाण्यात शिरतो,
कमरेपर्यंत, आणि शिव्या देत परत येतो.
सहावा, सातवा एवारिस्तोने लिहिलेच नाहीत.
एक कोरी ओळ सोडलीय.
तिथे नुसता वारा असणार, मला माहीत आहे.

आठव्या रात्री एक मेंढी अडते.
पिल्लू उलटं. म्हाताऱ्याचे पंजे रुंद.
कारकुनाचा हात अरुंद,
बोटांना शाईचे डाग,
तो कोपरापर्यंत आत जातो
आणि पहिल्यांदाच
काहीतरी न मोजता चाचपतो.

नवव्या सकाळी दगडाची पाठ कोरडी.

पुढे मेंढपाळाच्या दारात तो रक्कम सांगतो.
सांगणारच. कारकून आहे, चारशे बारा म्हणजे चारशे बारा.
पण त्याआधी विचारतो :
यंदा किती व्यायल्या?

हे वाक्य मी दोनदा वाचलं,
मग उठून खिडकी लावली.
काचेत माझा डावा खांदा दिसला, उजव्याहून खाली.
त्रेसष्ट वर्षं पश्चिमेचा वारा.
टेकडीवरची झाडंही तशीच,
त्यांना कुणी विचारलं नव्हतं, मलाही नाही.

नकाशा पूर्ण केला. नदी जिथल्या तिथे, निळी.
खोपटीला तपकिरी ठिपका.
खाली कोपऱ्यात प्रमाण लिहिलं :
एक बोट म्हणजे नऊ दिवस.

प्रकाशकाने ते खोडून
किलोमीटर छापले.
एवारिस्तोने मात्र मला पाठवलेल्या प्रतीत
पेनने पुन्हा लिहिलंय,
वाकड्या अक्षरात,
आणि नदीच्या अलीकडे
एक दगड काढलाय.
चुकीच्या काठावर, पण असो.