साठ किलो कमी

सातवी मॅच हरून आले
आणि मला विचारता, तुमचं मत काय.
मत नसतं माझ्याकडं, वजन असतं.
सोळा वर्षं झाली, जालन्याच्या एमआयडीसीच्या तोंडाशी
धर्मकाट्यावर बसतो.
भरली गाडी, रिकामी गाडी,
मधला फरक तेवढा खरा,
बाकीचं ड्रायव्हर बोलतो.

तर ऐका.
शेठनं कुंडलिका एफसी काढली ती सळईच्या जाहिरातीसारखी:
गंजणार नाही, वाकणार नाही.
एका हंगामात गंजली. वाकते तर दर रविवारी.
भंगारात माती आली की भट्टी बोलते म्हणतात.
यानं मिडफिल्डमध्ये माती घातली
आणि भट्टीवर मॅनेजर म्हणून साडू बसवला.
साडूला वाटतं, ऑफसाइड म्हणजे
दुकानाची मागची बाजू.

कोच तीन झाले.
पहिल्याला इथलं पाणी बाधलं,
दुसऱ्याला आम्ही.
तिसरे गव्हाणे सर, शाळेतले पीटीचे. माणूस भला,
पण अकरा पोरं ओळीनं दिसली की
आता प्रार्थना घेतील असं वाटतं.

गिराम लग्नाआधी ऐंशीचा होता.
आता काटा न लावता सांगतो, शंभरीला टेकला.
वळायला ट्रेलरएवढी जागा लागते त्याला,
तोवर समोरचा गोल करून, नाचून, पाणी पिऊन येतो.
कॅप्टन अंभोरे पुढं बघतो, पास मागं देतो.

मोईनला काही म्हणू नका.
पंधरा अडवतो, दोन निसटतात,
लोक दोनच मोजतात.
परवा मीपण त्याला आईवरून बोललो.
त्याची आई दोन पायऱ्या खाली बसलेली, डबा घेऊन.
तिनं मागं वळून पाहिलं नाही.
हे कुठं सांगू नका.

मुद्द्याचं राहिलंच.
शुक्रवारी रात्री टीमची बस कोल्हापूरला निघाली.
ड्रायव्हर ओळखीचा. म्हटलं घे रे काट्यावर, गंमत.
अकरा हजार चारशे वीस.
सोमवारी पहाटे परत आली,
चार-शून्य, पडदे ओढलेले.
पुन्हा घ्यायला लावली.
मला वाटायचं हरलेली बस जड भरत असेल.
डिझेल धरलं, पाण्याचे जार धरले,
बुटांना चिकटलेली तिकडची तांबडी माती धरली,
तरी साठ किलो कमी.
काटा दहाच्या पटीत दाखवतो,
म्हणजे पाच इकडं, पाच तिकडं.

साठ किलोचा त्या बसमध्ये एकच माणूस.
तोम्बा. मणिपूरचा. डावीकडून पळायचा.
बॉल त्याच्याकडं गेला की
आम्ही उभंच राहायचो, कुणाचा चहा कुणावर.
चार महिने पगार नाही.
एकदा दुपारी काट्यावर येऊन बसला होता,
पावतीच्या पाठीवर रेघा मारून दाखवत होता
की गिराम इथं उभा राहिला तर मी इथून सुटतो.
मग म्हणाला, पैसा, आणि हात उघडून दाखवला.
मी म्हटलं, शेठ देतील.
काहून म्हटलं, मलाच ठाऊक नाही.

पुण्यात स्टेशनजवळ उतरला, ड्रायव्हर सांगतो.
लघवीला म्हणून.
बॅग पाठीलाच होती.

दोन्ही पावत्या पिन मारून ठेवल्यात.
शेठला दाखवल्या तर म्हणेल, काटा तपासून घे.
काटा मार्चमध्ये तपासलाय, शिक्का आहे.

रविवारी घरची मॅच. परभणीशी.
डावीकडून कोण पळणार, माहीत नाही.
मी पूर्वेच्या पायऱ्यांवर असतो,
तिथं ऊन सरळ डोळ्यांत येतं,
म्हणून तिकीट वीसच रुपये.