छाट

रविवारी साडेआठला प्रौढांचा वर्ग भरतो,
बाप्टिस्ट चर्चच्या मागे, पत्र्याखाली,
नळाला पाणी आलं नसेल तर.
पाणी पाचव्या दिवशी येतं, आणि तो दिवस रविवार निघाला
की बोर्डे मास्तर, मी आणि एकोणीस रिकाम्या खुर्च्या.

आज पाणी नाही. आज सगळे आहेत.
विडी घरकुलातून एका रिक्षात आठ बायका कोंबून आल्या,
बोटांना तंबाखूचा वास. साबणाने जात नाही तो.
येशुरत्नम वॉचमन रात्रपाळीहून थेट,
शिट्टी अजून गळ्यात.
मी खिडकीजवळच्या खुर्चीत. ती सुलभाची.
तिचा एक पाय आखूड आहे, खुर्चीचा,
खाली टॉवेलची चिंधी घडी करून ठेवलेली.
चिंधी माझ्या मागावरची. घडी तिची.

एकतीस वर्षं ती इथे यायची.
एकतीस वर्षं मी रविवारी झोपायचो
कानात यंत्रमागाची खटखट घेऊन,
आणि उठल्यावर विचारायचो, काय शिकवलं आज?
ती सांगायची. मी भाकरी मोडायचो.

ती गेल्यावर मी आलो.
माझ्या बाप्तिस्म्याची तारीख तीनदा पुढे गेली,
व्यासपीठाखालचा हौद भरेना म्हणून.
शेवटी वर्गणी काढून टँकर आणला.
अठ्ठावन्न वर्षांचा मी, पांढऱ्या लेंग्यात,
बोअरच्या जड पाण्यात गेलो आणि वर आलो.
दोन दिवस तोंडाला खारट चव होती.

आज मळ्याच्या धन्याचा दाखला.
"नान्नजकडे बघितलाय ना द्राक्षमळा?" मास्तर म्हणाले,
"तसाच. पहाटे आलेल्यांना एक नाणं,
संध्याकाळी पाचला आलेल्यांनाही एकच."
पंखा तेवढा आवाज करत राहिला.

मग दानम्मा उठली. तिला वाचता येत नाही,
पण पंचविसाचा कट्टा ती न बघता मोजते.
"अन् छाट?"
"कसली छाट?"
"सूप उलटं करतात मास्तर, कारखान्यात.
ही ढिली, ती फुटकी, हिचं पान काळं.
हजारात साठ फेकतात अन् साठांचे पैसे कापतात.
त्या धन्यानं कुणाचं काम बघितलंच नाही काय की?"

मास्तरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला,
पान मागे उलटलं, पुढे उलटलं.
चाळीस वर्षं नगरपालिकेच्या शाळेत शिकवलेला माणूस,
त्याला हे कुणी विचारलं नव्हतं.
"तसं लिहिलेलं नाही," ते म्हणाले.
"म्हणजे छाट नव्हती."
"...नव्हती."

दानम्मा शेजारणीकडे वळली: छाट लेदु.
शेजारीण पुढचीला: छाट लेदु.
रांगेच्या टोकापर्यंत गेलं ते,
प्रसूतीची बातमी जाते तसं.

मला पहाटेच्या लोकांबद्दल विचारायचं होतं.
दिवसभर ऊन खाल्लेला एखादा
पाचवाल्याशी नंतर बोलला का.
की मुकाट चालला पुढे.
हात अर्धा वर गेला. "बोला काका," मास्तर म्हणाले.
"काही नाही," म्हटलं. "पंखा जरा कमी करा."

घंटा झाली. खुर्च्या एकावर एक रचताना
ती चिंधी उचलली, झटकली, उजेडात धरली.
काठाशी दोन धागे तुटलेले.
आमच्यात छाट म्हणत नाहीत, सेकंड म्हणतात.
जॉबरने तो पीस माझ्या अंगावर टाकला होता,
मजुरी कापून. मी घरी नेला. सुलभा काही बोलली नव्हती.

परत होती तिथे ठेवली, तशीच घडी घालून.
जमली नाही तिच्यासारखी.

बाहेर रिक्षा भरत होती. दानम्मा आतून ओरडली,
"पुढच्या वेळी कुठला धडा, मास्तर?"
आणि उत्तराची वाट न बघता,
"पाणी नसलं तर येते."